बरोटच्या ट्राउटसाठी संच: इंदूरच्या कार्यशाळेतील प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

एप्रिलमध्ये बरोटला जाणाऱ्या चौघांसाठी ट्राउट मासा गळाने धरायचा संच इंदूरलाच तयार करायचे ठरले. बरोट हिमाचलच्या मंडी जिल्ह्यात, ऊहल नदीकाठी, समुद्रसपाटीपासून साधारण १८०० मीटरवर आहे. नदीचे पाणी तिथे अडवून बोगद्यातून डोंगरापलीकडे जोगिंदरनगरच्या शानन वीजघराला देतात. हे वीजघर १९३२-३३ पासून चालू आहे. ट्राउट हा मूळचा आपल्याकडचा मासा नव्हे. १९०० साली ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरमध्ये आली आणि टिकली, पुढे कुलूच्या बाजूच्या थंड नद्यांतही तो सोडला गेला. ट्राउटची दुसरी जात, रेनबो, त्याच्या नंतरची.

संचाचा सगळा भर एका गोष्टीवर ठेवायचा: आमिष पाण्यात किती खाली आहे हे टाकणाऱ्याला प्रत्येक वेळी कळले पाहिजे. वाहत्या नदीतला ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून एका जागी थांबतो, कारण अन्न वाहत त्याच्यापर्यंत येते. अडवलेल्या पाण्यात तसे होत नाही, म्हणून तो फिरत राहतो आणि बहुधा एकाच पातळीवर फिरतो. ती पातळी तापमान, उजेड आणि किडे कुठे आहेत यावर ठरते. त्याची नजर समोर आणि वर असते. आमिष त्याच्या पातळीला किंवा वीतभर वर असेल तर तो वळून येतो, पोटाखालून गेलेले आमिष बहुतेक वेळा त्याच्या लक्षातच येत नाही. काठावर लोक रंग बदलत बसतात, खोली मात्र बदलत नाहीत आणि दिवस वाया जातो.

त्यामुळे कामाचे तीन भाग केले आहेत. पाण्याचे तापमान वेगवेगळ्या खोलीवर मोजायचे साधन, ठरावीक वेगाने बुडणारी आमिषे, आणि त्या वेगांचा खिशात मावेल असा तक्ता.

१२ जानेवारी

रॉड, रीळ आणि दोरा. यावर फार वेळ घालवला नाही.

रॉड सात फुटी, दोन तुकड्यांचा, २ ते ८ ग्रॅम वजन फेकणारा. यापेक्षा जड रॉडने तीन ग्रॅमचे आमिष लांब जात नाही, कारण रॉड वाकतच नाही. रीळ २००० मापाचे. हँडलच्या एका फेऱ्यात किती दोरा आत येतो ते प्रत्येक रिळावर मोजून आतल्या बाजूला मार्करने लिहिले. आमच्या रिळांवर ते ६५ सेंटीमीटरच्या आसपास आले, म्हणजे सेकंदाला अर्धा फेरा दिला की आमिष ३० सेंटीमीटरहून थोडे जास्त वेगाने येते. हा आकडा पुढे स्पिनरच्या, म्हणजे फिरत्या पात्याच्या आमिषाच्या, चाचणीत लागणार आहे.

दोऱ्याच्या बाबतीत दोन मते होती. विणलेला दोरा बारीक आणि मजबूत असतो, पण त्याची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी, सुमारे ०.९७, म्हणजे तो तरंगतो. वारा असेल तर पाण्यावर त्याची कमान होते आणि आमिष वर ओढले जाते. साधे तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा, १.१४, हळूहळू बुडते. फ्लोरोकार्बन १.७८, सरळ खाली जाते, पण जाड असेल तर रिळावर कडक वेटोळी धरते. खोली मोजून टाकायची असल्यामुळे रिळावर ०.२० मिलिमीटरचे साधे तंगूस ठेवले आणि पुढे दीड मीटर ०.१८ चे फ्लोरोकार्बन. ताण आल्यावर तंगूस थोडे लांबते. ट्राउटचा जबडा नाजूक असतो, तिथे हे लांबणे उपयोगीच पडते.

रिळात तंगूस भरताना काठापासून दोन मिलिमीटर जागा सोडली. काठोकाठ भरले तर सैल वेटोळी एकदम सुटतात आणि पहिल्याच फेकीत गुंता होतो. कमी भरले तर दोरा काठाला घासून फेक आखूड पडते.

१९ जानेवारी

दोरीवरचा तापमापक. संवेदक डीएस१८बी२०, स्टीलच्या नळीत बसवलेला. त्याच्याबरोबर आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम घालता येणारे छोटे सर्किट), छोटा पडदा आणि १५ मीटर तीन तारांची केबल. संवेदकाची अचूकता उणे १० ते अधिक ८५ अंशांच्या दरम्यान अर्धा अंश धरली जाते, आणि आपल्याला तेवढी पुरते. पाण्यात खाली जाताना मीटरमागे एक अंश किंवा अधिक तापमान घसरू लागले की तिथून थर बदलतो असे समजतात. तो फरक पकडायचा आहे.

ऑक्सिजन मोजायचे यंत्र घ्यावे का, यावर चर्चा झाली. नको ठरले. ट्राउटला पाण्यात लिटरला सहा-सात मिलिग्रॅम तरी ऑक्सिजन लागतो. समुद्रसपाटीला १० अंशाच्या पाण्यात तो ११.३ मिलिग्रॅमपर्यंत विरघळतो. १८०० मीटरवर हवेचा दाब कमी, म्हणून हा आकडा ९ च्या आसपास येतो. बर्फ वितळून वाहत आलेल्या पाण्यात इतका असतोच. निलगिरीत अवलांच, एमेराल्डसारखे मोठे जलाशय आहेत, तिथे उन्हाळ्यात तळाचे पाणी थंड असूनही ऑक्सिजन संपू शकतो. तिथे जाणाऱ्याने यंत्र न्यावे. बरोटचे पाणी वीजघरासाठी सतत आत-बाहेर होते, म्हणून तिथे ही अडचण नाही.

जोडणी: लाल तार ५ व्होल्टला, काळी ग्राउंडच्या पिनला, पिवळी दुसऱ्या नंबरच्या पिनला, आणि लाल-पिवळीच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रोध. एक मीटर केबलवर लगेच चालले. १५ मीटरवर दर काही वाचनांनी उणे १२७ येऊ लागले.

२७ जानेवारी

उणे १२७ म्हणजे संवेदकाशी बोलणेच तुटले आहे. लांब केबलमध्ये विजेची साठवण वाढते, त्यामुळे सिग्नल वर चढायला उशीर होतो आणि नॅनोला तो ओळखू येत नाही. रोध २.२ किलोओहमचा लावला आणि त्रास गेला. काही जण दोनच तारांवर काम भागवतात, तेवढ्या लांबीवर ते करू नये.

दुसरी खूण ८५ ची. पडद्यावर नेमके ८५.० दिसले तर ते तापमान नसते. संवेदक चालू होताना हा आकडा धरून बसतो, मापन पूर्ण व्हायच्या आत वाचले की तोच बाहेर येतो. पूर्ण अचूकतेच्या मापनाला पाऊण सेकंद लागतो. प्रोग्राममध्ये एक सेकंद थांबा घातला. काम करताना मध्येच ८५ आले तर पुरवठा डळमळतो आहे असे समजून सांधे तपासायचे.

पुरवठ्यासाठी पॉवर बँक वापरून पाहिली, ती अर्ध्या मिनिटात आपोआप बंद पडते. आपले सर्किट इतकी कमी वीज घेते की तिला वाटते काही जोडलेलेच नाही. चार रिचार्जेबल पेन्सिल सेल लावले. थंडीत साध्या अल्कलाइन सेलपेक्षा ते टिकतातही बरे.

सगळ्यात मोठा दोष पाणी शिरण्याचा. तयार मिळणाऱ्या संवेदकात केबल जिथे नळीत शिरते तिथे फक्त आकसणारी नळी असते. बादलीत चालते, दहा मीटर खोलीवर एक वातावरणाइतका जादा दाब पडतो आणि पाणी तारांच्या आवरणातून आत चढते. तोंडाशी दोन सेंटीमीटर लांब टोपी करून तीत दोन भागांचा इपॉक्सी ओतला, उभे धरून रात्रभर ठेवले. केबलचे आवरण आधी सॅंडपेपरने खरवडून स्पिरिटने पुसले, नाहीतर इपॉक्सी पकड घेत नाही.

केबलवर वजन लटकवायचे नाही. शेजारून तीन मिलिमीटरची पॉलिस्टर दोरी, तिच्या टोकाला २५० ग्रॅम पितळेचा गोळा, आणि केबल दर अर्ध्या मीटरला दोरीला सैल बांधलेली. नायलॉनची दोरी ओली झाली की लांबते, खुणा चुकतात. खुणा रंगीत दोऱ्याने गुंडाळून केल्या: अर्ध्या मीटरला पांढरी, मीटरला लाल, पाच मीटरला दोन लाल. अंधारात बोटांना कळाव्यात म्हणून गाठी जाड ठेवल्या.

२ फेब्रुवारी

तापमापक तपासला. बारीक कुटलेला बर्फ काचेच्या मोठ्या ग्लासात गच्च भरून थोडेच पाणी घातले आणि हलवत राहिलो. बर्फ तरंगू लागेल इतके पाणी घातले तर तळाला चार अंशांचे पाणी जमते, कारण पाणी तिथेच सर्वांत जड असते, आणि संवेदक चुकीचा ठरतो. गच्च बर्फात संवेदक मधोमध धरला. एकाने ०.३ जास्त दाखवले, दुसऱ्याने ०.१ कमी. हे फरक प्रोग्राममध्ये वजा-अधिक केले.

उकळत्या पाण्याची तपासणीही केली, पण त्यावर भर दिला नाही. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळते. १०० यायला हवे असे धरून संवेदक दुरुस्त करणारा उलट तो बिघडवून ठेवतो. आपला कामाचा पट्टा ४ ते २० अंशांचा, म्हणून १५ अंशांच्या पाण्यात प्रयोगशाळेच्या काचेच्या तापमापकाशेजारी धरून पाहिले. जुळले.

स्टीलची नळी तापमान उशिरा पकडते. खोलीच्या तापमानातून थंड पाण्यात घातल्यावर आकडा स्थिर व्हायला स्थिर पाण्यात दीड मिनिट लागते. काठावर घाई करणारा प्रत्येक खोलीचे तापमान जास्तच लिहून घेईल. पडद्यावर ९० सेकंदांची उलटी मोजणी घातली, ती संपेपर्यंत आकडा लुकलुकत राहतो.

९ फेब्रुवारी

स्पिनर. बर्तन बाजारातून ०.४ मिलिमीटरचा पितळी पत्रा घेतला. दुकानदार ०.६ चा देऊ पाहत होता, भांड्याला तोच लागतो, पण पाते जड झाले की ते हळू ओढल्यावर फिरत नाही.

पाते २४ बाय १६ मिलिमीटर, अंडाकृती. क्रम महत्त्वाचा: आधी कापायचे, मग वरच्या टोकापासून तीन मिलिमीटरवर दोन मिलिमीटरचे भोक, मग दोन्ही बाजूंची धार कानशीने उतरवायची, आणि त्यानंतर पाते गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून थंड करायचे. तापवल्याने पितळ मऊ होते. न तापवता ठोकले तर काठाला चिरा पडतात. काळा पडलेला थर चिंचेच्या पाण्याने निघतो. सागवानी ठोकळ्यात दीड मिलिमीटर खोल वाटी कोरून तीत पाते ठेवले आणि गोल तोंडाच्या हातोडीने मधून काठाकडे ठोकत नेले.

दांडा ०.७ मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेचा. वरती तीन मिलिमीटरचे कडे, खाली पाते धरणारी पितळी कमान, तिच्याखाली एक गुळगुळीत मणी, मग ४ मिलिमीटरचे पाच पितळी मणी, शेवटी दुसरे कडे आणि त्यात एकच गळ, ८ नंबरचा (नंबर मोठा तसा गळ लहान). तीन तोंडांचा गळ मुद्दाम टाळला. मासा सोडायचा असेल तर तो सोडवायला वेळ लागतो आणि डोळ्याला इजा होते. उलटा काटा पकडीने चेपून सपाट केला. चेपताना पकडीचे तोंड गळाच्या रेषेत धरायचे, आडवे धरले तर टोक मोडते.

पूर्ण वजन तीन ग्रॅमच्या आतबाहेर आले.

१६ फेब्रुवारी

सिमेंटच्या हौदात रिळावरून ओढून पाहिले. सेकंदाला अर्धा फेरा या गतीला पाते लगेच फिरायला हवे. निम्मे फिरले, निम्मे नाहीत. कारणे शोधली ती अशी.

कमानीच्या भोकात बारीक धार राहिली होती, ती दांड्याला अडकते. सुईने भोक आतून घासल्यावर बरेच सुटले. काहींत कमानीखालचा मणी फार मोठा होता, पाते त्याच्यावर आपटून थांबत होते. तिथे ३ मिलिमीटरचा मणी घातला. एक-दोन पाती जवळजवळ सपाट राहिली होती, ती पुन्हा ठोकून खोल केली. पाते फार खोल झाले तर मात्र ते लगेच फिरते पण दांड्यापासून दूर उडते आणि आमिष पृष्ठभागाकडे चढते. खोलीवर टिकणारे हवे असेल तर पाते अरुंद आणि मध्यम खोल.

दांडा वाकडा असेल तर सगळे शरीरच फिरते आणि तंगूसला पीळ बसतो. हे हौदात दिसत नाही, दहा-वीस फेकींनंतर रिळावर गुंता होऊन कळते. म्हणून प्रत्येक दांडा काचेवर लोळवून पाहिला. शिवाय आमिषाच्या वर ४० सेंटीमीटरवर छोटी भिंगरी (पीळ सोडवणारी फिरती कडी) लावायची.

निम्म्या पात्यांना चकाकी दिली, निम्मी तशीच मंद ठेवली. स्वच्छ पाण्यात आणि उन्हात मंद पाते चांगले, गढूळ किंवा ढगाळ वेळी चकाकते.

२३ फेब्रुवारी

माश्या बांधणे, म्हणजे गळावर दोरा-पिसे गुंडाळून किड्यासारखी आमिषे करणे. ट्राउट बहुतांशी किड्यांवर जगतो. बर्फाळ भागातील पाण्यात सर्वांत भरवशाचा किडा म्हणजे चिलटासारखा, न चावणारा, ज्याची अळी तळाच्या गाळात राहते आणि कोष पाण्यातून हळूहळू वर येतो. हा कोष वर येत असताना ट्राउट तो शांतपणे टिपत जातो. पृष्ठभागावर फक्त एक वर्तुळ उमटते, आवाज होत नाही. तेव्हा स्पिनर फिरवत बसणे व्यर्थ.

त्या कोषासाठी १४ आणि १६ नंबरचे वाकडे गळ, काळ्या दोऱ्याचे बारीक शरीर, त्यावर ०.१५ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचे पाच-सहा वेढे, डोक्याशी पांढऱ्या लोकरीचा एक मिलिमीटरचा तुरा, आणि वरून पारदर्शक नेलपॉलिशचे तीन पातळ थर. थर जाड झाला की बुडण्याचा वेग बदलतो. तांब्याची तार राणीपुऱ्यात मोटार वाइंडिंग करणाऱ्यांकडे तुकड्यांनी मिळते. मिलिमीटरमध्ये सांगितले तर ते गेज विचारतात, म्हणून नमुना बरोबर न्यावा.

मोठी माशी १० नंबरच्या लांब दांड्याच्या गळावर. पुढे ३.२ मिलिमीटरचा टंगस्टनचा मणी, शेपटीला कोंबडीच्या पोटाकडचे मऊ पीस, शरीरावर मोरपिसाचे केस, त्यावरून कोंबड्याच्या मानेचे एक पीस पाठीमागे विरळ गुंडाळून. मोरपिसाचे केस माशाच्या दातांना लगेच तुटतात, म्हणून तांब्याची तार उलट्या दिशेने त्यावर गुंडाळायची. शेपटी दांड्याच्या लांबीइतकीच. लांब ठेवली की मासा शेपटीला चावून जातो आणि गळ लागत नाही.

शिसे कुठेही वापरलेले नाही. ते तळाला राहते, पक्षी खडा समजून गिळतात. टंगस्टनची घनता १९.३, शिशाची ११.३, त्यामुळे लहान मण्यात जास्त वजनही मिळते. मोरपिसे गळून पडलेलीच घ्यायची. मोर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि उपटलेल्या पिसाच्या देठाला रक्ताचा डाग असतो, असे पीस हातात घेऊ नये. सगळी पिसे प्लास्टिकमध्ये बांधून तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवली, नाहीतर कीड डबाभर पसरते.

नवशिक्याच्या हातून एकच गोष्ट वारंवार होते. दोरा गळाच्या छिद्रावर चढतो आणि काठावर थंडीने बधिर बोटांनी तंगूस ओवता येत नाही. छिद्रामागे दीड मिलिमीटर जागा मोकळी सोडायची. तयार प्रत्येक माशीच्या छिद्रातून तंगूस ओवून पाहिल्याशिवाय ती डब्यात ठेवलेली नाही.

३ मार्च

हिमाचलमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ट्राउटच्या विणीचा काळ, मासेमारी बंद असते. १ मार्चपासून खुली. परवाना तिथल्या मत्स्य विभागाकडून घ्यायचा. दिवसाची मर्यादा, किमान लांबी आणि कोणता पट्टा खुला आहे हे परवान्यावर असेल तेच धरायचे, ऐकीव माहितीवर जायचे नाही.

गढूळपणा मोजायची थाळी झाली. २० सेंटीमीटरची स्टीलची ताटली, मध्यभागी भोक, चार भागांत आलटून पालटून काळा-पांढरा रंग, खालून वजन. सावलीच्या बाजूने पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची, वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खूणही, आणि दोन्हींची सरासरी. अर्ध्या मीटरच्या आत दिसेनाशी झाली तर बर्फाचे वितळपाणी उतरले आहे. अशा वेळी मोठे, चकाकते आमिष, काठाजवळ. दोन-तीन मीटर दिसत असेल तर लहान माशी, लांब फ्लोरोकार्बन, आणि काठावर उभे न राहता वाकून जायचे.

८ मार्च

यशवंत सागरावर फेकीची चाचणी. गंभीर नदीवरचा होळकरांच्या काळातला हा तलाव २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिथे मासे धरायचे नव्हते, सगळ्या आमिषांचे गळ काढून त्याच वजनाचे मणी लावले होते. तंगूसचा एकही तुकडा काठावर राहू दिला नाही. सारसाच्या पायात तो अडकला की पक्षी मरतो.

पाणीभरल्या पारदर्शक बोयाचा (तंगूसवरच्या तरंगत्या पोकळ गोळ्याचा) प्रयोग नीट जमला. माशी इतकी हलकी की एकटी फेकता येत नाही. बोयात अर्धे पाणी भरले की तो फेकायला पुरेसा जड होतो आणि पाण्यात जवळजवळ वजनहीन राहतो. बोया तंगूसवर सरकता ठेवला, माशीपासून हव्या त्या खोलीवर दोऱ्याची थांबगाठ मारली. ही गाठ रॉडच्या कड्यांतून सहज जायला हवी, म्हणून तिची टोके आखूड कापायची नाहीत, दोन सेंटीमीटर मऊ सोडायची. आखूड टोके कड्यात अडकतात आणि माशी तुटून उडते.

बोया पूर्ण भरला तर तो बुडतो आणि खोलीचा हिशेब जातो. वाऱ्यात अर्ध्याहून थोडा जास्त, शांत पाण्यात अर्ध्याहून कमी.

१८ मार्च

उद्या रंगपंचमी. गेर (रंगांची मिरवणूक) निघते, राजवाड्याकडचा सगळा बाजार बंद राहील, म्हणून बर्फ आजच आणला.

कशासाठी, ते असे. बुडण्याचे वेग इंदूरच्या २६ अंशांच्या पाण्यात मोजले आहेत. १० अंशांचे पाणी दीडपट चिकट असते. जड, झपाट्याने बुडणाऱ्या आमिषाला त्याने फरक पडत नाही, कारण त्याला अडवते ते पाणी बाजूला ढकलण्याचे ओझे. बारीक, संथ उतरणाऱ्या माशीला मात्र चिकटपणा धरतो. म्हणजे इंदूरचा आकडा तिथे तसाच वापरला तर नेमकी सर्वांत बारीक माशी आपण समजतो त्यापेक्षा वर राहील.

दोनशे लिटरच्या पिंपात २६ अंशांचे १६० लिटर पाणी. ते १० अंशांवर आणायला हिशेबाने साडेअठ्ठावीस किलो बर्फ लागतो, पिंपाच्या पत्र्यातून उष्णता शिरते म्हणून ३१ किलो धरला. लादी फोडून घातली, काठीने सतत ढवळले, सगळा बर्फ विरघळल्यावर वर-खाली तापमान सारखे असल्याची खात्री केली आणि दहा मिनिटे पाणी स्थिर होऊ दिले. हलते पाणी बारीक माशीला कुठेही नेते.

आतल्या बाजूला ६० सेंटीमीटर अंतरावर दोन पांढऱ्या पट्ट्या, वरून टॉर्च. माशी आधी ओली करून चिमटीत दाबून तिच्यातली हवा काढायची. हे केले नाही तर पहिली दोन-तीन मापने निरर्थक येतात, आणि काठावरही पहिल्या फेकीत तेच होते. जड आमिषे तळाला लागल्याचा टणत्कार ऐकून मोजली. दर आमिषाची दहा मापने, सर्वांत वरचे आणि खालचे सोडून उरलेल्यांची सरासरी.

२३ मार्च

तक्ता. आकडे सेकंदाला सेंटीमीटर, तंगूस जोडलेले आणि सैल सोडलेले असताना.

पाच ग्रॅमचा चमचा (चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष): दोन्ही पाण्यांत ४२.
तीन ग्रॅमचा स्पिनर: ३०, फरक नाही.
१० नंबरची मोठी माशी, टंगस्टन मणी: २६ अंशांत १६, १० अंशांत १५.
१४ नंबरची, पितळी मण्याची: ९ आणि ८.
१६ नंबरचा कोष, मणी नसलेला: ३.५ आणि २.८.

शेवटचा फरक पाचव्या हिश्शाचा. दोन मीटरवर न्यायची तर इंदूरच्या आकड्याने ५७ सेकंद, खरे लागतात ७१. म्हणूनच हा कोष बोयाखाली लटकवायचा, मोजत बसायचे नाही.

वापर असा. आमिष पडल्यावर रिळाची कडी उघडीच ठेवून मोजायचे. पहिल्या फेकीत तंगूस ढिले पडेपर्यंत मोजत राहायचे, तो तळ. स्पिनरला १४ मोजता आले तर तळ चार मीटरहून थोडा खोल. पुढची फेक १२ वर थांबवायची, मग ९, मग ६. मासा लागला तो आकडा लगेच लिहायचा आणि तिथून हलायचे नाही. ओढताना स्पिनर चढत जातो, म्हणून दर सहा-सात फेऱ्यांनी दोन सेकंद थांबून त्याला पुन्हा खाली जाऊ द्यायचे. बऱ्याचदा मासा याच थांब्यात घेतो.

तापमापकाचा आकडा आधी. १० ते १६ अंश हा ट्राउटचा खाण्याचा पट्टा. सहा-सातच्या खाली तो खातो पण दूर धावत नाही, आमिष हळू आणि तळाशी. अठराच्या वर पाणी आढळले तर त्याहून थंड थर शोधायचा. वीसच्या पुढे मासा धरून सोडणे म्हणजे बहुधा मारणेच, गळ आवरून ठेवावा.

वीजघराच्या पाण्याची पातळी दिवसात वर-खाली होते. ती चढत असताना नव्याने भिजलेल्या काठावर गांडुळे, किडे सुटतात आणि मासा अगदी घोटाभर पाण्यात येतो. उतरू लागली की तो कड्याच्या खोल बाजूला सरकतो. काठावर पोचल्यावर पाण्याच्या कडेला एक काडी रोवायची, अर्ध्या तासाने पाहायचे. बोगद्याच्या तोंडाकडे आणि भिंतीवर जायचे नाही.

३० मार्च

पाडवा, अर्धा दिवस काम. गाठी.

०.२० चे तंगूस, वेष्टनावर २.७ किलो. सामान मोजायच्या काट्यावर ओढून पाहिले. ओठांनी ओली करून सावकाश आवळलेली गाठ २.३ ते २.५ किलोपर्यंत टिकली. तीच कोरडी, झटक्याने आवळलेली दीड-पावणेदोनला तुटली. आवळताना तंगूस घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. तुटलेले टोक भिंगाखाली पाहिले तर कोरड्या गाठीचे कुरळे आणि पांढरट दिसते, ओल्या गाठीचे सरळ कापल्यासारखे. काठावर गाठ तुटली की टोक पाहावे, कारण लगेच कळते.

तंगूस आणि फ्लोरोकार्बन जोडायला दोन्ही बाजूंनी चार-चार वेढ्यांची दुहेरी गाठ. पाच-सहा वेढे घातले तर ती जाड होऊन कड्यात अडते.

५ एप्रिल

यशवंत सागरात भिजलेले सगळे सामान ऊहलमध्ये जाण्याआधी निर्जंतुक करायचे. मैदानी तलावातला शेवाळाचा तुकडा, गोगलगाईची अंडी, माशांचे परजीवी थंड पाण्यात नेऊन सोडू नयेत. रीळ, बोये, दोऱ्या, थाळी आधी घासून धुतली, मग बूट आणि दोऱ्या ६० अंशांच्या पाण्यात पाऊण तास. रिळांना गरम पाणी चालत नाही, ग्रीस वाहून जाते. ती पुसून, स्पूल काढून, उन्हात पूर्ण वाळवली आणि वाळल्यावरही दोन दिवस तशीच ठेवली. नमदा (दाबलेली लोकर) तळाचे बूट कोणी घेऊ नयेत, तो आठवडाभर ओलसर राहतो. परतताना हीच पद्धत उलट दिशेने.

बांधाबांध. रॉड ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात, दोन्ही टोकांना झाकणे, आत फोमचे तुकडे. माळवा एक्स्प्रेसमध्ये वरच्या बर्थच्या भिंतीकडेला तो बसतो, सीटखाली ठेवू नये, पेट्या सरकवताना चेपतो. पठाणकोट कँटला उतरून पुढे रस्त्याने. गळ आणि माश्या झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यात, प्रत्येकाच्या स्वतंत्र, एकत्र ठेवल्यास एक डबा हरवला की सगळेच अडतील. तापमापकाचे सेल काढून वेगळे बांधले. तक्ता दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करून रॉडच्या मुठीला रबराने लावला आहे, आणि मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिता येईल असा कोरा भाग सोडला आहे: तारीख, वेळ, तापमान, थाळीची खोली, पातळी चढती की उतरती, मोजलेला आकडा.